केडगावची घंटा : १९०५ च्या ख्रिस्ती जागृतीमागचा रोजचा नेम

नांदेडहून निघून परभणी, परळी, लातूर, कुर्डुवाडी करीत पुण्याकडे जाणारी गाडी दौंड सोडते आणि थोड्याच वेळात केडगाव नावाचे स्थानक मागे पडते. गाडीतल्या बहुतेकांची त्या वेळी झोपमोडही होत नसेल. परंतु १९०५ नंतरची दोन-तीन वर्षे या छोट्या गावाचे नाव इंग्लंड-अमेरिकेतील ख्रिस्ती नियतकालिकांत वारंवार छापून येत होते.

कारण होते पंडिता रमाबाईंचे 'मुक्ती'. तेथे २९ आणि ३० जून १९०५ रोजी जे घडले, त्याला 'मुक्तीची जागृती' म्हणतात. मराठी मंडळ्यांत अशा प्रसंगाला 'संजीवन' असाही शब्द आहे. श्रद्धा निवून गेलेल्या ख्रिस्ती समाजात ती पुन्हा पेटणे, सामूहिक पश्चात्ताप, चारचौघांत केलेला पापांगीकार आणि त्यातून सेवेला बाहेर पडणारी माणसे, असा त्याचा अर्थ.

हा प्रसंग बहुधा वीज कोसळावी तसा सांगितला जातो. आजच्या धाग्यात विजेपेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या नेमाकडे पाहायचे आहे. 'नेम' हा शब्द मी वारकऱ्यांकडून मुद्दाम उसना घेतला आहे. रोज ठरल्या वेळी, मन असो वा नसो, करायची गोष्ट ती नेमाची. मुक्तीतील जागृती नेमातून उगवली आणि जी काही टिकली ती नेमामुळेच टिकली, असे माझे मत आहे.

रमाबाईंना नेम म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागले नव्हते. २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. हे कुटुंब पौराणिकांचे. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जायचे, देवळात बसायचे, पोथी उघडायची. श्रोते जमोत वा न जमोत, वाचन व्हायचेच. लहानग्या रमेने भागवताचे हजारो श्लोक अशा भटकंतीत मुखोद्गत केले.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळ होते नव्हते ते दानधर्म आणि अनुष्ठाने यांत संपले. श्रम करून पोट भरणे माहीत नव्हते, भीक मागणे मानवत नव्हते. रानातील पाल्यावर आणि पाण्यावर दिवस काढावे लागले. वडील गेले, आई गेली, मग थोरली बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

पुढे रमाबाईंनी आत्मनिवेदन लिहिले, त्यात या दिवसांची आठवण फार कोरड्या शब्दांत येते. नेम चुकला नव्हता; देव मात्र पावला नाही. ज्या बाईच्या आयुष्याच्या तळाशी ही गोष्ट आहे, तिने तीस वर्षांनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना पहाटे प्रार्थनेला उठविले. त्या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय केडगाव कळत नाही.

कलकत्त्यातील सत्कार, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० चा विवाह, १८८२ मध्ये आलेले वैधव्य, कन्या मनोरमा, इंग्लंडचा प्रवास, हा भाग वाचकांना बहुधा ठाऊक आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांच्याच सांगण्यानुसार तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ती अनुभूती त्या १८९१ च्या सुमारास आल्याचे सांगतात. मधली आठ वर्षे वाचन, वाद, शंका आणि प्रार्थना. एका रात्रीत पालटण्याची ही कथा नव्हे.

यानंतर आले १८९३ चे प्रकरण. त्याच्याकडे सुधारणेच्या इतिहासाचा भाग म्हणून पाहिले जाते. मला ते भक्तीच्या सवयींच्या इतिहासातही फार महत्त्वाचे वाटते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदा सदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांसाठीची ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. रमाबाई स्वतः मात्र ख्रिस्ती. त्या सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे.

सारा वाद त्या उघड्या दारावरून पेटला. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावीत नाही. पण माझ्या घरात माझी प्रार्थना मी दार लावून का करावी? सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी ऑगस्ट १८९३ मध्ये संबंध सोडला. केसरीने झोड उठविली. अनेक पालक मुलींना घेऊन गेले.

दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. पालकांनी तटस्थतेच्या शब्दावर मुली पाठविल्या होत्या, आणि बारा-पंधरा वर्षांच्या निराधार मुलीवर तिला आधार देणाऱ्या बाईच्या आचरणाचा प्रभाव पडणारच. रानड्यांसारखा माणूस उगाच दूर झाला नाही. दुसरीकडे, कोणी दार लावण्याची अट घालावी आणि ती निमूट पाळावी, असा रमाबाईंचा पिंड नव्हता. त्या दिवसापासून त्यांचे काम उघडपणे ख्रिस्ती होत गेले.

१८९० च्या दशकाच्या मध्यावर लोणावळ्याच्या एका शिबिरसभेला त्या गेल्या. तेव्हा त्यांच्या मुलींपैकी पंधराजणी ख्रिस्ती झाल्या होत्या. पहाटे रानात एकट्या बसून त्यांनी त्या पंधराचा वर्ग मागितला: दोनशे पंचवीस. गणिताने मोजलेली ही प्रार्थना वाचून हसू येईल. पण रमाबाईंची पद्धत अशीच होती. मागायचे ते नेमके मागायचे, आकडा सांगून मागायचे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपल्या लहानपणीची उपासमार आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्यांना शहरात ठेवता येईना. म्हणून केडगावच्या माळावर आधीच घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या आणि वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात नगराच्या तटांना तारण आणि वेशींना स्तुती म्हणण्याची जी कल्पना आहे, तिच्यावरून वस्तीचे नाव ठेवले मुक्ती.

शेती, विहिरी, विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, छापखाना. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन आणि ब्रेल लिपीचे शिक्षण. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. दीड-दोन हजार माणसांची वस्ती घड्याळाशिवाय चालत नाही. उठणे, जेवणे, शाळा, काम आणि प्रार्थना हे सारे ठरल्या वेळी. संस्थेतून निघणाऱ्या इंग्रजी पत्राचे नाव 'मुक्ती प्रेयर बेल', म्हणजे मुक्तीची प्रार्थना-घंटा, असे पडले, यात त्या वस्तीचा स्वभाव आला.

आता जागृतीच्या आधीच्या तयारीकडे वळू. १८९८ मध्ये इंग्लंडमधील केझिक येथील सभेत रमाबाईंनी भारतातील ख्रिस्ती मंडळीवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा, यासाठी प्रार्थना करण्याची विनंती केली. पुढे ऑस्ट्रेलियात टॉरी या उपदेशकाच्या सभांतून मोठी जागृती झाल्याचे आणि तिच्या आधी घराघरांत प्रार्थना-मंडळे चालल्याचे त्यांच्या कानी आले. त्यांनी मनोरमा आणि सहकारी मिनी एब्रम्स यांना थेट तिकडे धाडले. एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट. १८८७ मध्ये मुंबईस आलेल्या, १८९८ पासून मुक्तीत. त्या दोघी परतल्यावर केडगावातही लहान लहान प्रार्थना-मंडळे सुरू झाली.

काळही तसाच होता. १९०४ मध्ये पंजाबात सियालकोट येथे प्रार्थनेसाठी वाहिलेली परिषद सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स या तरुणाभोवती जागृती पेटली आणि मार्च १९०५ मध्ये ती वेल्श मिशनच्या वाटेने खासी टेकड्यांत पोहोचली. टपालाने येणाऱ्या या बातम्या केडगावात मुलींना वाचून दाखविल्या जात.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी विचारले: यासाठी रोज एकत्र जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे? सत्तरजणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. याखेरीज सुमारे तीस तरुणींनी शाळेचा अभ्यास बाजूला ठेवून गावोगाव शुभवर्तमान सांगायला जाण्याची तयारी दाखविली. त्यांची रोजची प्रार्थना वेगळी चाले.

म्हणजे सहा महिने. सत्तरापासून साडेपाचशेपर्यंत. या सहा महिन्यांत सांगण्यासारखे काहीच घडले नाही. घंटा झाली, जमल्या, गुडघे टेकले, उठून कामाला गेल्या. इतिहासाच्या पुस्तकात या काळाला एक वाक्य मिळते. माझ्या मते खरा इतिहास त्या वाक्यात आहे.

२९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास एब्रम्स यांना एका वडीलधाऱ्या मुलीने येऊन उठविले. एका मुलीला आत्म्याचा अनुभव आला होता. त्या मुलीने सांगितले की तिच्या अंगावर आपल्याला ज्वाळा दिसल्या, आपण धावत जाऊन पाण्याची बादली आणली, ती ओतणार तोच ध्यानात आले की ही जळत नाही. एब्रम्स पोहोचल्या तेव्हा त्या आवारातील सगळ्या मुली गुडघ्यांवर होत्या. रडत, प्रार्थना करीत, आपली पापे सांगत.

बादलीचा तो तपशील मला फार खरा वाटतो. आध्यात्मिक चमत्कार घडविण्याची इच्छा असलेले मन बादली आणायला धावत नाही. ज्वाळेचे काय ते ज्याने त्याने ठरवावे.

दुसऱ्या दिवशी, ३० जूनच्या सायंकाळी, रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानकृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या. ऐकता ऐकता मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढचे काही दिवस नेहमीचे वर्ग बंद राहिले. कोणी शाळेत, कोणी कामावर असताना रडू लागे. भांडणे मिटविली जात, चोरलेल्या वस्तू परत येत, खोटे बोलल्याची कबुली दिली जाई.

या गलक्यावर टीका झाली, आणि ती मिशनऱ्यांकडूनही झाली. शिस्तीत वाढलेल्या युरोपीय उपासकांना शेकडो कंठांची एकदम चाललेली प्रार्थना, डोलणारी अंगे आणि टाळ्या सहन होईनात. १९०६ नंतर मुलींनी अनोळखी भाषांत प्रार्थना केल्याच्या वार्ता आल्या, तेव्हा संशय आणखी वाढला.

रमाबाईंनी 'प्रेयर बेल'मधून दिलेले उत्तर वाचण्यासारखे आहे. त्यांचा आशय असा: देवाने हिंदी माणसाला जो स्वभाव दिला, त्याला साजेल अशाच रीतीने जागृती त्याच्याकडे यावी; परक्या साच्यात तिला कोंबू नये. आपणही आधी अशा गोष्टींना हात घालून थांबविण्याच्या विचाराच्या होतो, पण तसे न करण्यास शिकलो, असे त्या प्रांजळपणे सांगतात. ज्या बाईचे बालपण तीर्थक्षेत्रांच्या गजरात गेले, तिला हा आवाज परका वाटला नसणार.

आपल्याकडे नांदेड-लातूरच्या खेड्यांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा पहारे लागतात. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात वीणा द्यायची. सात दिवस ती खाली टेकायची नाही. केडगावच्या प्रार्थना-मंडळांत आणि या पहाऱ्यांत थेट नाते दाखविता येत नाही, आणि मी तसा दावाही करणार नाही. पण भक्ती ही पाळीपाळीने, सर्वांनी मिळून, खंड न पडू देता करायची गोष्ट आहे ही समज या मातीत दोन्हीकडे होती. अहमदनगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तने करीत होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर भजन-अभंगांची वाट धरली होती. मराठी ख्रिस्ती उपासना हळूहळू टाळ-मृदंगाजवळ सरकत होती, तो हाच काळ.

खरा प्रश्न भर ओसरल्यावरचा. शेकडो मुली दिवसभर रडत राहू शकत नाहीत. शेत नांगरायचे असते, दळण पडलेले असते. वर्ग पुन्हा भरले. मग काय उरले?

उरल्या याद्या. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावे लिहून मुलींत वाटली जात. देशोदेशींचे मित्र आपल्या माणसांची नावे पाठवीत, मिशनमधील बायांची आणि गावकऱ्यांची नावे त्यात भर घालीत. मुक्तीच्या वृत्तान्तात रोज एकोणतीस हजारांहून अधिक व्यक्तींसाठी नावानिशी प्रार्थना होत असल्याचा उल्लेख आहे. शिवाय प्रार्थनेला आणि सेवेला वाहून घेतलेल्या सुमारे सातशेजणींच्या टोळ्या पाडल्या होत्या. रोज साठेकजणी आसपासच्या खेड्यांत जात, दुसऱ्या दिवशी पुढची टोळी. बाकीच्या मागे राहून गेलेल्यांसाठी प्रार्थना करीत आणि आपला अभ्यास, आपले काम सांभाळीत.

जराशी कल्पना करून पाहावी. या मुलींपैकी कितीकींना दुष्काळी छावणीतून किंवा रस्त्याच्या कडेवरून आणलेले. आईबाप गेलेले, गाव मागे राहिलेले, त्यांचे नाव घेणारे कोणी उरलेले नाही. अशा मुलीच्या हाती कागद येतो आणि तिला सांगितले जाते की या नावांची जबाबदारी तुझी. यातले एकही आज वगळू नकोस. आणि तिचे स्वतःचे नाव दुसरीच्या कागदावर असते. मुक्तीचे सारे सामर्थ्य मला या देवघेवीत दिसते.

येथे एक शंका मांडणे भाग आहे. अन्न, वस्त्र, निवारा ज्या छपराखाली मिळतो, त्या छपराखालची प्रार्थना कितपत स्वखुशीची? १८९३ मध्ये पुण्यात विचारलेला प्रश्न केडगावात अधिक तीव्र होतो, कारण तेथे काढून न्यायला पालकच नव्हते. शिवाय आपल्यापर्यंत आलेले वृत्तान्त जवळजवळ सगळे मिशनच्या बाजूचे. मुलींचे बोलणे भाषांतरातून, बहुधा निनावी, झिरपत येते. साडेपाचशेंपैकी किती मैत्रिणीच्या आग्रहाने आल्या असतील, किती भीतीने! तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जानेवारीत दोन हजारांच्या वस्तीतून पुढे आल्या त्या सत्तर. हुकूम सोडला असता तर आकडा वेगळा दिसला असता.

मराठवाड्याच्या वाचकांसाठी जालन्याचे उदाहरण देतो. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनतर्फे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. त्यासाठी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली होती. मुक्तीच्या आधीची, आणि मुख्यत्वे दलित कुटुंबांची ही वसाहत. तेथे केडगावसारखी ज्वाळांची कथा नाही, म्हणून बेथेलचे नाव फारसे कोणी घेत नाही. जागृतीचा इतिहास लिहिणाऱ्यांचा हा दोष मानावा लागेल.

केडगावची ठिणगी मात्र कल्पनेपलीकडे लांब गेली. एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली आणि तिची प्रत शिकागोतील जुन्या वर्गमैत्रिणीला, चिलीतील व्हाल्परायसो येथे राहणाऱ्या मे हूव्हर यांना, धाडली. मे आणि त्यांचे पती विलिस हूव्हर यांच्या मेथडिस्ट मंडळीत ती वाचून प्रार्थना सुरू झाली, आणि १९०९ मध्ये तेथे जी जागृती झाली तिच्यातून चिलीतील पेंटेकॉस्टल मंडळ्या जन्मल्या. आज त्या देशात त्यांचे अनुयायी लाखोंनी आहेत. एब्रम्स स्वतः १९१२ मध्ये भारतातच वारल्या.

रमाबाई मात्र गलक्याकडून शांततेकडे वळत गेल्या. १९१२ मध्ये मनोरमेच्या साहाय्याने त्यांनी गुलबर्ग्यास ख्रिस्ती शाळा काढली. आजचे नांदेड-लातूर तेव्हा ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यातले हे गुलबर्गा. स्वतः त्या बायबलच्या भाषांतरात गढून गेल्या होत्या. चालू मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ती दूर करण्यासाठी संस्कृतात पंडिता ठरलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि साधी मराठी लिहायला घेतली. हे कामही नेमाचेच: रोज काही ओव्या, रोज काही मुद्रिते, वर्षानुवर्षे.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. त्यानंतरही मुद्रिते तपासणे चालूच राहिले. शेवटची मुद्रिते पुरी होईपर्यंत दहा दिवस मिळावेत, अशी प्रार्थना रमाबाईंनी केली आणि ते काम संपल्यावर त्या गेल्या, अशी आठवण सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचा अंत झाला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, पाने छापणाऱ्या आणि बांधणाऱ्या त्या वस्तीतल्या बायाच होत्या.